पाठीवर बाण असलेले घड्याळ

देवळालीच्या मैदानावर तोफांचा सराव सुरू झाला म्हणजे आमच्या नाशिकरोडच्या घराची तावदाने प्रथम हलकेच थरथरतात आणि मग दूरचा गडगडाट कानी येतो. नवख्या पाहुण्याला तो वळवाच्या पावसाचा वाटतो आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांची त्याला काळजी पडते. घरातली माणसे मात्र हातातले काम टाकीत नाहीत, कारण तोफखान्याच्या शेजारी जन्म काढलेल्यांना आभाळाचा आवाज कोणता आणि तोफेचा कोणता हे सांगावे लागत नाही. माझी नजर मात्र अशा वेळी नकळत डाव्या मनगटाकडे जाते, आणि तेथील जुन्या घड्याळात सहाच्या आकड्यापाशी स्वतंत्र फिरणाऱ्या इवल्याशा सेकंदकाट्यावरून दोन आवाजांमधले अंतर मोजण्याचा एक निरुद्योगी छंद मला जडलेला आहे. या छंदाचा जगाला उपयोग नाही हे मला मान्य आहे. पण ज्या कामासाठी हे घड्याळ कोणे एके काळी कोठारातून निघाले त्या कामाच्या जवळपास जाणारे एवढेच काय ते त्याच्या वाट्याला आज उरले आहे.

घड्याळ दिसावयास अगदी सामान्य आहे. जुन्या चांदीच्या कलदार रुपयाहून किंचितच मोठे. तबकडी एके काळी रुपेरी असावी, आता ती आजोबांच्या पंचांगाच्या कागदासारखी पिवळसर झाली आहे. अंग पितळेचे, त्यावर क्रोमचा मुलामा; आणि पट्टा अडकतो त्या चारही कोपऱ्यांपाशी मुलामा झिजून आतले पितळ, फाटक्या बंडीतून खांदा दिसावा तसे, उघडे पडलेले. पट्टा ज्या दांड्यांत ओवायचा त्या दांड्या निघत नाहीत. त्या अंगालाच कायमच्या जडवून टाकलेल्या आहेत, कारण बाजारी घड्याळाची स्प्रिंगची दांडी ऐन वेळी निसटली तर सावकाराचे फक्त घड्याळ जाते, शिपायाचे त्याहून पुष्कळ काही जाऊ शकते. तबकडीवर मोएरिस या स्विस कारखान्याचे नाव मोठ्या प्रयासाने वाचता येते. परंतु या घड्याळाची खरी सनद त्याच्या पाठीवर आहे. उलटे केले की पोलादी झाकणावर तीन रेघांचा, कोंबडीचे पाऊल उमटावे तसा, एक रुंद बाण दिसतो, त्याखाली ए.टी.पी. ही तीन अक्षरे आणि त्याखाली एक क्रमांक. बाण ही इंग्रज सरकारच्या मालमत्तेची खूण. तोफेपासून तंबूच्या खुंटीपर्यंत सरकारजमा असलेल्या प्रत्येक वस्तूवर ती उमटविण्याचा शिरस्ता कित्येक शतकांचा. तीन अक्षरांचा अर्थ 'आर्मी ट्रेड पॅटर्न', म्हणजे बाजारात तयार मिळणाऱ्या नमुन्यांपैकी जो लष्कराने आपल्या कामाचा म्हणून मुक्रर केला तो. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर खास लष्करी घड्याळाचा आराखडा ठरवून ते घडवून घेण्याइतकी सवड इंग्रजांना नव्हती; स्विस कारखान्यांकडे जे होते त्यातले साधे, पंधरा खड्यांचे, अंधारात चमकणाऱ्या काट्यांचे घड्याळ त्यांनी उचलले, पाठीवर बाण ठोकला आणि वाटून टाकले.

मनगटावर घड्याळ बांधणे हा मुळी पुरुषाचा आचारच नव्हे अशी समजूत विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात होती. पुरुषाचे घड्याळ खिशात, साखळीला; मनगटावरचे ते बायकांचे आभूषण. ही समजूत मोडून काढली ती तोफखान्याने. पहिल्या महायुद्धात पायदळाच्या पुढे तोफांच्या माऱ्याची एक भिंत उभी करावयाची आणि ठरलेल्या मिनिटाला ती ठरलेल्या अंतराने पुढे सरकवावयाची, पायदळाने तिच्या मागोमाग चालावयाचे, अशी युद्धरीती रूढ झाली. या रीतीत हुकूम देण्याला अवकाशच उरत नाही. तारा तुटलेल्या, धुराने निशाणे दिसत नाहीत, आणि मैलभर मागे असलेल्या तोफेला व मैलभर पुढे असलेल्या शिपायाला एकमेकांशी बांधणारी वस्तू एकच, ती म्हणजे दोघांच्या हातावरची सारखी लावलेली घड्याळे. एकाचे घड्याळ मिनिटभर मागे पडले तर गोळे कोणावर पडावयाचे हे सांगावयास नको. अशा वेळी एका हातात बंदूक धरून दुसऱ्या हाताने खिसा चाचपडणे कोणाला परवडावे? चार वर्षांत मनगटी घड्याळाचा बायकीपणा जो गेला तो कायमचा गेला.

आपल्याकडच्या शिपायांनाही या वस्तूची ओळख याच सुमारास झाली, आणि तीही सरकारच्या मेहेरबानीने नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत स्विस मंडळींनी वेस्ट एंड वॉच कंपनी काढली होती. तिच्या एका घड्याळाचे नाव 'सोवार'. आपण ज्याला स्वार म्हणतो तोच हा फारशी शब्द, इंग्रजी लेखणीतून गेल्यामुळे थोडा लंगडलेला. पगारातून पैसे साठवून ही घड्याळे घेणारे हिंदी शिपाई पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेले, आणि त्यांच्या हातांवरून या घड्याळांची कीर्ती अरबांच्या मुलखात पसरली, ती अद्याप ओसरलेली नाही. याच मोहिमेत कुत-अल-अमाऱ्याच्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, मराठा पलटणींची आमची माणसे उपाशी अडकून पडली होती. त्यांच्यापैकी कोणाच्या हातावर 'सोवार' असेल तर १४७ दिवस त्याला किल्ली देण्यात त्याच्या मालकाला काय वाटत असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. वेळ कळण्याचा उपयोग नाही आणि घड्याळ बंद पडू देण्याला मन होत नाही, अशी ती अवस्था असावी.

वाट पाहण्याचा विषय निघाला आहे तर देवळालीचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे हा कृतघ्नपणा होईल. विलायतेहून मुंबई बंदरात उतरलेल्या गोऱ्या फौजा कसारा घाट चढून प्रथम येथे येत आणि मुदत संपलेले सोजीर परतीच्या जहाजासाठी येथेच येऊन बसत. जहाजे हिवाळ्याच्या हंगामात सुटत; हंगामाचे शेवटचे जहाज चुकले की पुढल्या हंगामापर्यंत काम नाही, कवाईत नाही, लढाई नाही, नुसते उन्हाळ्याचे दिवस मोजणे. त्या रिकामपणात कित्येकांची डोकी फिरली आणि आमच्या गावाचे नाव 'डूलाली' या रूपाने वेड लागण्याला इंग्रजी भाषेत कायमचे चिकटले. मूळ म्हणीत तर त्यापुढे आपला 'ताप' हा शब्ददेखील होता. जगाच्या कोशात नाशिक जिल्ह्याची जी मोजकी भर पडली तीत ही एक आहे, आणि तिचा अभिमान धरावा की खेद, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

दुसऱ्या महायुद्धात तर या वाट पाहणाऱ्यांना घड्याळही धड वेळ सांगत नव्हते. नाशिकचा सूर्य मुळात आजच्या प्रमाणवेळेच्या सुमारे ३५ मिनिटे मागे चालतो. १९०६ च्या पहिल्या तारखेला सरकारने साऱ्या हिंदुस्थानाला एक वेळ लावून दिली तेव्हा मुंबईकरांनी ती मानली नाही. आपली ३९ मिनिटांनी मागे असलेली मुंबई वेळ त्यांनी १९५५ पर्यंत हट्टाने सांभाळली. त्यात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत लढाईसाठी म्हणून देशातली घड्याळे आणखी एक तास पुढे ढकलली गेली. म्हणजे माझे हे घड्याळ ज्या कोणाच्या हातावर त्या काळी देवळालीत असेल, त्याच्या डोक्यावर सूर्य येई तेव्हा काटे एक वाजून ३५ मिनिटे झाल्याचे दाखवीत. गोदाकाठचे भटजी त्या वेळीही आपले घटकापळांचे गणित करून मध्यान्हीची संध्या बिनचूक मध्यान्हीलाच करीत होते. छावणीतले जेवणाचे बिगूल मात्र हुकमाप्रमाणे. एकाच गावात, पाच कोसांच्या आत, दुपारचे बारा इतक्या वेगवेगळ्या वेळी वाजत होते हे लक्षात घेतले म्हणजे लष्कराला आपल्या माणसांच्या मनगटांवर स्वतःची वेळ का बांधावीशी वाटली ते उमगते.

आता हे घड्याळ माझ्याकडे कसे आले ते सांगतो. माझे मामा, ज्यांना सारे भाऊमामा म्हणत, भगूरला राहत आणि देवळालीच्या छावणीत लष्करी कोठारात कारकून होते. किल्ल्यावर हवालदार आणि सबनीस यांच्या जोडीला कोठाराचा हिशेब राखणारा कारखानीस असे. तो शिवकाळातला हुद्दा भाऊमामांना पुरेपूर शोभला असता. माणूस अतिशय अबोल. त्यांच्यामागे हे घड्याळ मामींनी माझ्या हाती दिले, आणि ते माझ्या हाती येण्यापूर्वीच त्याच्याभोवती आमच्या कुटुंबाने एक पुराण रचून ठेवलेले होते. एका शाखेच्या मते ते कोहिमाच्या लढाईत होते. दुसऱ्या शाखेच्या मते एका गोऱ्या कॅप्टनाने विलायतेस परत जाताना, डोळ्यांत पाणी आणून, ते भाऊमामांच्या हातावर स्वतः बांधले. लग्नकार्यात पंगत उठल्यावर या कथा इतक्या वेळा सांगितल्या गेल्या की, कॅप्टनाच्या मिशांचा रंगही पुढे पुढे ठरून गेला. स्वतः भाऊमामांनी यातला एक शब्दही कधी उच्चारला नव्हता, ही गोष्ट कोणालाच अडचणीची वाटली नाही.

मला मात्र एक निराळीच अडचण वाटत होती. सरकारी वस्तू सेवेतून काढून विकली की तिच्यावर दुसरा बाण उमटवून दोन बाणांची टोके एकमेकांना भिडवावयाची, म्हणजे वस्तू बरतरफ झाली, असा इंग्रजी कोठारांचा रिवाज. माझ्या घड्याळाच्या पाठीवर बाण एकच आहे. तेव्हा कागदोपत्री पाहू गेल्यास ते अजून सरकारचेच, आणि ते हातावर बांधून बाजारात हिंडणारा मी चोरीच्या मालाचा धारक. शिवाय कोणत्या सरकारचे हाही प्रश्नच, कारण १९४७ मध्ये फौजा आणि कोठारे यांची वाटणी झाली तेव्हा या घड्याळाचा क्रमांक कोणत्या यादीत होता कोण जाणे! एका अत्यंत प्रामाणिक कारकुनाच्या भाच्याने हे मनाला लावून घ्यावे यात नवल नाही.

रविवार कारंजाच्या आसपास एका बोळात एक वयोवृद्ध घड्याळजी बसतात. घड्याळ मंद पडू लागले म्हणून मी ते त्यांच्याकडे नेले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी झाकण उघडले, मशीनकडे क्षणभर पाहिले आणि मग मशीन बाजूला ठेवून ते झाकणच उजेडात तिरपे धरून वाचू लागले. "हे बघा," ते म्हणाले, "आतल्या बाजूला. आमच्या लोकांची सही असते ही. ज्यानं उघडलं त्यानं सुईनं तारीख ओरखडून ठेवायची." भिंगातून मीही पाहिले. आरशासारख्या गुळगुळीत पोलादावर केसाएवढ्या बारीक रेघांनी इंग्रजीत ६-४३ असे लिहिले होते. त्याच्याजवळ निराळ्या हाताने २-४५. मग बऱ्याच अंतरावर देवनागरी 'ना' आणि ५१ चा आकडा. त्यानंतर एकाच हाताच्या चारपाच नोंदी, दर तीनचार वर्षांनी एक, ७४ पर्यंत. घड्याळजींनी त्या शेवटच्या नोंदींवर चिमट्याचे टोक टेकवले. "हे आमचे वडील," ते म्हणाले. थोड्या वेळाने विचारते झाले, "डायलला हात लावायचा नाही ना?" मी नाही म्हणालो. "मग ठेवून जा. गुरुवारी या."

त्या रात्री मी भाऊमामांच्या ट्रंकेतल्या रोजकीर्दी काढून बसलो. भाजी, रॉकेल, मुलांची फी, पंढरपूरची दिंडी, असे करीत करीत १९४६ च्या कीर्दीत एक ओळ सापडली: 'डिस्पोजलचे घड्याळ नग १, रु. १८'. लढाई संपल्यावर शिल्लक राहिलेला लष्करी माल सरकारने ढिगांनी विकून टाकला, त्याला आमच्याकडे डिस्पोजलचा माल म्हणत. कित्येक नाशिककरांनी त्यातल्या घोंगड्या आणि हिरवे लोटे पुढे वीस वर्षे वापरले. कॅप्टन गेला, मिशा गेल्या, कोहिमाही बहुधा गेले. माझ्या चोरीच्या आरोपाचाही तेवढाच निकाल लागला. उरले ते १९४३ च्या जूनमध्ये आणि १९४५ च्या फेब्रुवारीत घड्याळ साफ करून घेणारे कोणीतरी, कदाचित एक, कदाचित दोन, ज्यांच्या नावाचा कोठेही पत्ता नाही.

या शोधाने कुटुंबातली मंडळी हिरमुसली. मला मात्र तेव्हापासून या घड्याळाविषयी खरा आदर वाटू लागला, आणि हा लेख लिहिण्याचे प्रयोजन तेवढेच आहे. अलीकडे जुन्या लष्करी घड्याळांचा शौक आपल्याकडेही वाढला आहे. बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर जुने सामान मांडणारा माणूससुद्धा आता पाठीवरचा बाण ओळखतो आणि बाण दाखवताना आवाज खाली आणून 'बर्मा फ्रंट' असे म्हणतो. घेणाराही त्या दोन शब्दांचेच पैसे देतो. मला या रसिकतेत एक मूलभूत चूक दिसते. सराफाच्या दुकानातले सोन्याचे घड्याळ घेणाऱ्याच्या नावाने, वाढदिवसाच्या तारखेने, कधी सासऱ्याच्या आशीर्वादाने कोरलेले असते. लष्कराच्या घड्याळावर असले काही नसते, आणि ते नसणे हीच त्याची जात आहे. ते कोणाही एकाचे नसावे अशा बेताने निर्माण झालेले असते. ज्याच्या कामाला मिनिटांचा हिशेब लागतो त्याला ते मिळावयाचे, त्याची बदली झाली, तो जखमी झाला की कोठारात परत, तेथून पुढच्याच्या हातावर. नोंद क्रमांकाची, माणसाची नव्हे. अशा वस्तूला ओढूनताणून एखादा वीर चिकटवणे म्हणजे पाणवठ्यावरच्या रांजणाला कोणा एकाच्याच तहानेचे स्मारक म्हणणे होय. ज्याने हे घड्याळ पाहून वेळेवर पहारा बदलला, रसदीची लॉरी वेळेवर हाकली, किंवा नुसतीच जहाजाची वाट पाहिली, त्याचा आदर करावयास तो शूर होता अशी अट मी तरी घालणार नाही.

युद्धाच्या अखेरीस इंग्रजांनी स्वतःच्या आराखड्याबरहुकूम जी घड्याळे करवून घेतली तीही याच वृत्तीची. काळी तबकडी, ठळक आकडे, पाणी न शिरणारे अंग, न फुटणारी काच, नेमके किती चुकलेले चालेल याची मर्यादा, असा मसुदा एकच, कारखाने बारा. त्यांत ओमेगा, लाँजीन, आयडब्ल्यूसी यांच्यासारखी खानदानी नावे होती आणि टिमोर, रेकॉर्ड यांच्यासारखी साधीही. पण पाठीवर साऱ्यांच्या तेच शब्द आणि तोच बाण. लष्कराच्या लेखी सरदार आणि शिलेदार एकाच पंक्तीला बसले. गंमत अशी की यांतली बहुतेक घड्याळे १९४५ मध्ये पोचली, तोवर लढाई आटोपत आली होती. आजचे संग्राहक ही बारा घड्याळे जुळवण्यासाठी मोठमोठ्या रकमा मोजतात, आणि त्यांतली किती तरी शत्रूपर्यंत पोचलीच नव्हती हे मात्र सोयीस्करपणे विसरतात.

आता घड्याळजींनी विचारलेल्या त्या एका प्रश्नाकडे येतो, कारण त्यात एका दुखण्याचे मूळ आहे. माझ्या एका स्नेह्यांच्या वडिलांचे घड्याळ अगदी माझ्यासारखेच होते. त्यांनी ते 'जरा उजळून' आणण्यासाठी एका दुकानात दिले. पंधरा दिवसांनी परत आले तेव्हा पिवळसर तबकडीच्या जागी कोळशासारखी काळीकुळकुळीत तबकडी, तिच्यावर तांबडे आकडे, आणि मधोमध एक जाडजूड पांढरा बाण. कारखान्याच्या नावात एक अक्षर चुकलेले. कडांवरचे पितळ घासून, पॉलिश मारून, पाठीवरचा क्रमांकही निम्मा घालविलेला. स्नेही प्रसन्न होते. मी काय बोलणार? सांगावयाची लाज वाटते, पण अशा रंगविलेल्या घड्याळांना परदेशांतल्या जाणत्यांनी उपहासाने 'मुंबई स्पेशल' असे नाव ठेवले आहे. आपल्या कारागिरांचा हात मोठा कसबी आहे. जगात कोठेही भंगारात गेले असते असे मशीन ते जिवंत करतात. पण अस्सल दस्तऐवजावर नवी शाई फिरवून त्याची सुवाच्य नक्कल करून देणाऱ्या कारकुनाला आपण कसबी म्हणत नाही. गिऱ्हाइकाला चकाकी हवी असते म्हणून कारागीर ती देतो. तेव्हा दोष द्यावयाचा तो गिऱ्हाइकाला, म्हणजे आपल्याला.

शिवाय यात केवळ रुचीचा प्रश्न नाही, जिवाचाही आहे. त्या काळच्या काट्यांवर आणि आकड्यांवर अंधारात चमकणारा जो लेप असे त्यात रेडियम असे. आज माझे घड्याळ मिट्ट काळोखात धरले तरी तसूभर उजेड देत नाही, आणि त्यामुळे पुष्कळांना वाटते की त्यातले रेडियम संपले. संपलेले नाही. रेडियम निम्मे व्हावयास सुमारे १६०० वर्षे लागतात. थकला आहे तो त्याच्या माऱ्याने चमकणारा झिंक सल्फाइडचा भाग. दिवा विझला, विस्तव तसाच. अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यात अशा तबकड्या रंगविणाऱ्या मुली कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरीत. १९२० च्या दशकात त्यांच्या जबड्यांची हाडे झडली, कित्येक मरण पावल्या, आणि त्यांच्या खटल्यांमुळे हे विष जगाला कळले. घड्याळ मिटलेले असताना हातावर बांधणाऱ्याला फारसे भय नाही. पण नवा रंग देण्यासाठी जुना लेप खरवडून त्याची धूळ उडविणारा, बोळातल्या बाकड्यावर पंख्याखाली बसलेला कारागीर ती नाकातोंडात घेतो, आणि त्याला हे सांगावयास कोणी जात नाही. आपल्या आजोबांची स्मृती उजळण्यासाठी दुसऱ्याच्या मुलाने ती धूळ श्वासाबरोबर ओढावी, ही मागणी मला तरी सभ्य वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर बाणाची जागा आपल्या खुणांनी घेतली. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला घड्याळे करावयास घेतली आणि पुढे 'जवान' नावाचे एक घड्याळ काढले. सतरा खड्यांचे, किल्लीचे, आतल्या वर्तुळात १३ ते २४ आकडे मांडलेले, म्हणजे रात्रीच्या हुकमात पहाटेचे चार की दुपारचे चार हा घोळ नको. माझ्या घड्याळाचा हा खराखुरा वारस. २०१६ च्या आरंभी एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करण्याचे सरकारने ठरविले आणि कालपर्यंत सुतळीच्या तोड्यासारखे ड्रॉवरात पडून राहिलेले 'जवान' त्या दिवसापासून एकाएकी मौल्यवान झाले. नाशिक हे निवृत्त सैनिकांचे गाव आहे. देवळाली, भगूर, लॅम रोड या बाजूच्या किती तरी घरांत अशी घड्याळे असतील. त्यांच्या धन्यांना हात जोडून एवढेच विनवावेसे वाटते की साफ करून तेल घाला, काच बदला, पट्टा बदला. तबकडी राहू द्या, ओरखडे राहू द्या, आणि विकावयाचे झाले तर जे ठाऊक आहे तेवढेच सांगून विका.

माझे घड्याळ गुरुवारी परत आले. सेकंदाला पाच ठोके, म्हणजे अहोरात्रात चार लाख बत्तीस हजार. पंचांगात कलियुगाची वर्षे जितकी सांगितली आहेत नेमके तितके. एवढे करूनही ते दिवसाला चार मिनिटे मागे पडते, आणि माझ्या वयाच्या माणसाने त्याबद्दल त्याला बोल लावावा अशी माझी परिस्थिती नाही. झाकणाच्या आत आता घड्याळजींची स्वतःची नोंद आहे, वडिलांच्या नोंदींच्या खाली, थोडी जागा सोडून.

डबीत ठेवण्यासाठी मी एक चिठ्ठी लिहिली: मोएरिस, ए.टी.पी., क्रमांक अमुक, १९४३ पूर्वीचे, लष्करात वापरणारा अज्ञात, डिस्पोजलमध्ये रु. १८ ला घेतले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो आमच्या सौभाग्यवतींनी खाली पेन्सिलीने लिहिले होते, 'भाऊमामांचे'. घड्याळ कोणाचेच नसते या माझ्या सिद्धान्ताचे काय, म्हणून मी त्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढले. "अठ्ठावीस वर्षं रोज रात्री जेवण झाल्यावर किल्ली द्यायचे ते, मी पाहिलंय," एवढे म्हणून त्यांनी प्रश्नचिन्ह खोडरबराने पुसून टाकले. चिठ्ठी सध्या तशीच आहे.